अंग बाहेर येण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे आहे. अंग बाहेर येत असल्याने ३ आठवड्यांपूर्वी योनिमार्गातून शस्त्रक्रिया करून गर्भपिशवी काढली आणि सैल पडलेल्या भागाला टाके घातले. आता दुखत नाही. डॉक्टरांनी खालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम सांगितला आहे, पण तो नीट जमतो की नाही हे समजत नाही. खोकताना थोडी लघवीही होते. पाणी भरण्यासारखी कामे कधी सुरू करावीत?

उत्तर : दुखणे थांबले तरी आतल्या पेशी अजून भरून येत आहेत, म्हणून शस्त्रक्रियेपासून किमान ६ आठवडे भरलेली कळशी, पिठाचा डबा किंवा नातवंड उचलू नये, आणि त्यानंतरही वजन आपल्या शल्यचिकित्सकांना विचारूनच हळूहळू वाढवावे. घरातल्या घरात चालणे मात्र रोज थोडे थोडे वाढवत न्यावे.

व्यायामासाठी गुडघे वाकवून उताणे पडा. वारा सरू नये म्हणून आपण गुदद्वार जसे आवळतो तसे श्वास सोडताना आवळा आणि तोच ताण पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणत आत, वरच्या दिशेने ओढून घ्या. अनेक जणी इथेच नकळत श्वास रोखून खाली कुंथतात. त्यामुळे ज्या टाक्यांना आधार हवा, त्यांच्यावरच भार पडतो. पोट फुगले, मांड्या किंवा नितंब ताठले, तर जोर कमी करा. सुरुवातीला ३ ते ५ सेकंद आवळून तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा, कारण सैल सोडता येणे हाही व्यायामाचाच भाग आहे. सवय झाल्यावर १० सेकंदांपर्यंत, १० वेळा, दिवसातून ३ वेळा करा. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा व्यायाम करू नये.

खोकला किंवा शिंक येणार असे वाटताच आधी आवळा, मग खोका. गळती कमी होण्यास बहुधा ३ महिने नियमित सराव लागतो. शौचास कुंथणे टाळण्यासाठी पुरेसे पाणी प्या, जेवणात पालेभाज्या ठेवा आणि कमोडवर बसताना पायांखाली पाट घ्या. स्नायू आवळल्याचे जाणवतच नसेल, तर या विषयाचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्ट भगिनीकडून, शल्यचिकित्सकांच्या परवानगीने, तपासून घ्या. त्यात संकोच बाळगू नका.

ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, लाल रक्तस्राव, लघवी अडणे किंवा एका पोटरीला सूज व वेदना यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जावे.