सूक्ष्मदर्शकाआधी नमुना

आपण वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करत आहात आणि पुढे क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीकडे, म्हणजे गोठवलेल्या प्रथिनांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालील प्रतिमांतून त्यांची रचना शोधण्याच्या तंत्राकडे, वळू इच्छिता, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. माझा पहिला आग्रह असा, की यंत्राच्या मोहात पडण्याआधी प्रथिने शुद्ध करण्याचे काम हातात पक्के बसवावे, कारण नमुना एकजिनसी नसेल तर कोट्यवधींचे यंत्रही अस्पष्ट प्रतिमांखेरीज काही देत नाही. माझे पीएच.डी.चे पहिले दीड वर्ष केवळ ग्रिड, म्हणजे नमुना ज्यावर गोठवतात ती बारीक जाळी, तयार करण्यात गेले. कधी बर्फ जाड होई, तर कधी प्रथिन हवा-पाण्याच्या सीमेवर जाऊन विस्कटे. द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या इथेनमध्ये ग्रिड इतक्या वेगाने बुडवावी लागते, की पाण्याला स्फटिक होण्यास अवधीच मिळू नये. हे पुस्तकातून येत नाही.

गणिताची भीती मात्र आत्ताच घालवा. गोंगाटाने भरलेल्या लाखो प्रतिमांतून त्रिमितीय रचना उभी राहते ती फूरिए रूपांतराच्या, म्हणजे प्रतिमेचे लहरींत विघटन करणाऱ्या गणिती पद्धतीच्या, आधारे, आणि त्याचा सराव एम्पियार या अशा प्रतिमांच्या सार्वजनिक संग्रहातील माहिती घेऊन रेलिऑन या मोफत संगणक प्रणालीवर वडोदऱ्यात बसूनही करता येतो.

धीर लागेल. या तंत्राचे एक प्रवर्तक रिचर्ड हेंडरसन यांनी १९७५ मध्ये बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन या प्रथिनाची ढोबळ रचना मांडली. तिचे अणुपातळीवरील प्रारूप १९९० मध्ये आले आणि नोबेल २०१७ मध्ये. म्हणून मार्गदर्शक निवडताना त्यांच्या यंत्रापेक्षा त्यांच्या विद्यार्थ्यांशी आधी बोला.