बालवाटिकेआधी ट्यूशन लावू का?

ताई, तुमचा प्रश्न असा: मुलगी जूनमध्ये गुजराती माध्यमाच्या बालवाटिकेत, म्हणजे पहिलीआधीच्या वर्गात, जाणार, घरात सगळे मराठीच बोलतात, मग तोवर कक्को (गुजराती मुळाक्षरं) गिरवायला ट्यूशन लावावी का, आणि घरातही गुजराती सुरू करावं का? माझं उत्तर दोन्हींना नाही.

आधी वय बघून घ्या. आपल्याकडे गुजरातेत २०२३-२४ पासून पहिलीला १ जून रोजी सहा वर्षं पूर्ण लागतात, म्हणून बालवाटिकेला पाच. जन्म जून-जुलैचा असेल तर दाखला घेऊन शाळेत आत्ताच विचारा. एक वर्ष थांबावं लागलं तर थांबा, काही बिघडत नाही.

अक्षरं शिकवणं शाळेचं काम आहे. मी बडोद्यात बालवर्ग सांभाळलेत. पहिल्या आठवड्यात मुलं अडतात ती अक्षरांवर नाही, डब्याच्या झाकणावर आणि चड्डीच्या हुकावर. डबा तिचा तिला उघडता येतो का, ते आज संध्याकाळीच बघा. घट्ट झाकणाचे ते महागडे डबे दुकानातच राहू द्या! मटार सोलू दे, कणकेचे गोळे करू दे, बटणं लावू दे. पेन्सिल धरायला लागणारी बोटांची ताकद यातूनच येते.

भाषेचं म्हणाल तर घरात मराठीच ठेवा, भरपूर गोष्टी सांगा. जिला एका भाषेत नीट सांगता येतं ती दुसरी लवकर उचलते. चार वाक्यं मात्र पाठ हवीत: ‘मारे बाथरूम जवुं छे’, ‘पाणी पीवुं छे’, ‘पेटमां दुखे छे’, ‘मने नथी आवडतुं’ (म्हणजे ‘मला येत नाही’). शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. बाकीचं शेजारची पोरं शिकवतील. बडोद्याच्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातली आपली मराठी मुलं अशीच शिकली.

‘थांब, शाळेत बाई सरळ करतील तुला’ हे वाक्य घरातून हद्दपार करा, आजी-आजोबांच्या तोंडूनसुद्धा. आणि फाटकाशी डोळा चुकवून पळू नका. ‘डबा खाऊन झाला की आजोबा न्यायला येतील’ असं सांगून निघा, आणि आजोबा वेळेवर पोचतील हे बघा. शाळा सुरू होण्याआधी तिला मावशीजवळ सोडून कमाटीबागेत तासभर फिरून येण्याचा सराव तुम्हालाच जास्त लागेल.

तयारी शाळेचीही हवी. पहिलीत आलेल्या मुलांसाठी एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षणसंस्थेने २०२१ मध्ये ‘विद्याप्रवेश’ नावाचा तीन महिन्यांचा खेळातून शिकण्याचा कार्यक्रम दिला आहे. पहिलीचे सुरुवातीचे दिवस तुमच्या शाळेत कसे जातात, ते आत्ताच विचारून ठेवा. ‘पहिल्या दिवसापासून वही’ असं उत्तर आलं, तर बालवाटिकेतही काय चालत असेल याचा अंदाज येतो. तसं असेल तर शिक्षिकेशी शांतपणे बोला.

बोलायला जाल तेव्हा अर्धं पान गुजरातीत लिहून द्या: घरी काय हाक मारतात, शू-शीला ती कोणता शब्द वापरते, कशाने घाबरते, रडली तर कशाने शांत होते, फोन कुणाला करायचा.