ओल्या वाळूसाठी कोणता मेटल डिटेक्टर?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो. समुद्रकिनारी जुनी नाणी शोधण्याचा छंद लागला आहे. गॅरेट एस ३००, नोक्टा सिम्प्लेक्स प्लस आणि माइनलॅब व्हॅनक्विश ३४० यांपैकी काय घ्यावे?

उत्तर : किनाऱ्यावरच फिरणार असाल, तर व्हॅनक्विश घ्यावा. गॅरेट ८ आणि सिम्प्लेक्स १२ किलोहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर चालतात. खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू स्वतःच विजेची वाहक असल्याने अशी यंत्रे तिथे उगाचच किणकिणत राहतात आणि संवेदनशीलता कमी केली की खोलवरचे नाणे निसटते. व्हॅनक्विश एकाच वेळी अनेक वारंवारता वापरत असल्याने मिठाचा हा गोंधळ बराचसा वेगळा काढतो. मात्र त्याची फक्त जमिनीलगत फिरवायची शोधक चकतीच पाण्यात चालते, तर सिम्प्लेक्स प्लस ३ मीटरपर्यंत सबंध बुडवता येतो. कोरड्या शेतात गॅरेटही पुरेसा आहे. शीतपेयाच्या डब्याची कडी मात्र तिन्ही यंत्रांना चकवते, तेव्हा खुरपे चालवण्याची तयारी हवीच.

जागामालकाची परवानगी आधी घ्यावी. इंग्लंडमधील १९९६च्या खजिना कायद्यानुसार (ट्रेझर ॲक्ट) ‘खजिना’ ठरणारी वस्तू सापडल्यास १४ दिवसांत कॉरोनरला (संशयास्पद मृत्यू आणि सापडलेले खजिने यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावे लागते.