बंद पडणं आणि एकदम बंद पडणं

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. छपरांवरचे सौर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात आणि तारांत चालेल अशी करणारी यंत्रं), घरोघरच्या बॅटऱ्या आणि गाड्यांचे चार्जर एकाच नियंत्रण कक्षातून चालवणाऱ्या कंपनीत तू रुजू होते आहेस आणि सायबर सुरक्षा तुझ्याकडे आली आहे. "इतक्या यंत्रांपैकी आधी कोणतं सांभाळू?" असं विचारलं आहेस. माझं उत्तर जरा उलटं वाटेल. सुरुवातीला यंत्रांकडे पाहूच नकोस.

पाच किलोवॉटचा एक इन्व्हर्टर कुणी बंद पाडला, तर ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सगळ्या जाळ्याला, पत्ताही लागत नाही. एखादा ढग रोज तेवढं काम करून जातो. पण असे एक लाख इन्व्हर्टर एकाच क्षणी बंद झाले तर ५०० मेगावॉट गेले, म्हणजे औष्णिक केंद्रातला एक मोठा संच गेला. ढग कधी एक लाख छपरांवर एका क्षणात येत नाही, हुकूम मात्र येऊ शकतो.

जर्मनीला ही गोष्ट कुणी हल्ला न करताच कळली. तिथल्या जुन्या नियमाप्रमाणे विजेची फ्रिक्वेन्सी (एरवी ती ५० हर्ट्झच्या आसपास असते) ५०.२ हर्ट्झच्या वर गेली की छपरावरच्या इन्व्हर्टरनं लगेच ग्रिड सोडायचं. इन्व्हर्टर मूठभर होते तोवर नियम शहाणपणाचा होता. ते हजारो मेगावॉटचे झाले, तेव्हा त्याच आकड्यावर सगळे एकदम सुटतील आणि ग्रिड कोसळेल, अशी भीती उभी राहिली. २०१२ पासून जुन्या इन्व्हर्टरांच्या सेटिंग बदलायची मोहीमच हाती घ्यावी लागली. नियम लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता, तरी ही गत. हल्ला करणारा नेमकी अशीच जागा शोधतो, जिथे एक बटण दाबलं की सगळं हलतं.

म्हणून तूही आधी तीच जागा शोध. इन्व्हर्टर बनवणाऱ्याचा क्लाउड, तुमच्या कंपनीचं मुख्य खातं, फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) पाठवणारा सर्व्हर, देखभालीच्या ठेकेदाराचा लॅपटॉप. प्रत्येकासमोर एकच आकडा लिही: इथून एका वेळी किती मेगावॉट हलवता येतात? आकडा मोठा दिसेल तिथे तुझं पहिलं काम. दोन माणसांच्या संमतीशिवाय मोठा हुकूम सुटू नये, ही तिथली किमान अट.

कागदावरच्या आराखड्यावर मात्र विसंबू नकोस. एका सौर प्रकल्पात मी तपासणीला गेलो होतो. नेटवर्कचा आराखडा देखणा होता, नको ती ये-जा अडवणाऱ्या फायरवॉल जागच्या जागी. पॅनेलचं दार उघडलं तर आत चिकटपट्टीनं लावलेला एक मोबाइल राउटर लुकलुकत होता. दुरुस्तीला दरवेळी यायला नको म्हणून कुणीतरी वर्षांपूर्वी बसवलेला, पासवर्ड माहितीपुस्तिकेत छापलेलाच. त्या दिवसापासून मी आधी दार उघडतो, आराखडा नंतर मागतो.

आता दुसरा प्रश्न, माझ्या मते सगळ्यात मोलाचा. संपर्क तुटला तर यंत्र काय करेल? २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवरचं आक्रमण सुरू झालं त्याच दिवशी एका उपग्रह इंटरनेट सेवेवर हल्ला झाला. त्या सेवेवर अवलंबून असलेल्या मध्य युरोपातल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांशी दूरवरचा संपर्क तुटला. पवनचक्क्या मात्र फिरत राहिल्या, कारण फिरायचं कसं हे त्यांच्या स्वतःच्या कंट्रोलरला ठाऊक होतं. तुमची यंत्रं तशी आहेत का, ते केबल काढून पाहा. (आधी परवानगी घे. मी एकदा घेतली नव्हती.)

याचीच दुसरी बाजू: खोटा हुकूम आला तर? यंत्रं एकमेकांशी ज्या ठरावीक भाषेत बोलतात तो मॉडबस १९७९ सालचा आहे, मूळ रूपात तो समोरच्याला "तू कोण?" असं विचारतसुद्धा नाही. म्हणून त्याला उघड्या इंटरनेटवर कधीही ठेवू नये. पण तेवढ्यानं भागत नाही. काही मर्यादा यंत्राच्या पोटातच हव्यात: अमुक वेगापेक्षा जलद वर-खाली व्हायचं नाही, पुन्हा जोडलं जाताना प्रत्येकानं वेगवेगळा वेळ थांबायचं. आणि या मर्यादा दूरवरून बदलता येता कामा नयेत, आपल्यालासुद्धा. ही अट घातलीस की कंपनीतले लोक कुरकुरतील. कुरकुरू दे.

पासवर्ड, दुहेरी ओळखपडताळणी, वेगळी खाती यांवर मी लिहीत बसत नाही, ते तुला येतं. आयईईई १५४७.३ आणि आयईसी ६२४४३ ही सायबर सुरक्षेवरची मार्गदर्शक कागदपत्रं वाचून काढ, कंटाळवाणी आहेत पण उपयोगी. अपडेटबद्दल एकच सांगतो. अमेरिकेत ५ मार्च २०१९ ला एका कंपनीच्या फायरवॉल दिवसभर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिल्या, आणि दरवेळी काही मिनिटं पवन व सौर प्रकल्प नियंत्रण कक्षाला दिसेनासे झाले. दोष आधीच जाहीर झालेला होता, त्यावरचा उपायही उपलब्ध होता, लावलेला नव्हता. तेव्हा अपडेट लाव, पण सगळीकडे एकाच रात्री नको. आधी शंभरातल्या एकाला, मग दहांना. बिघडलेलं अपडेट हाही एकदम पोचणारा हुकूमच असतो.

शेवटची गोष्ट युक्रेनची. २३ डिसेंबर २०१५ ला तिथल्या वीज कंपन्यांच्या ऑपरेटरांनी पडद्यावरचा बाण आपोआप सरकताना पाहिला; तो दूरवरून हल्लेखोर हलवत होते. सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली. उपकेंद्रांतल्या काही उपकरणांचं फर्मवेअरही बिघडवून टाकलं होतं, त्यामुळे दूरवरून ब्रेकर (वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच) जोडता येईनात. माणसं गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली, हातानं ब्रेकर जोडले आणि काही तासांत वीज आली. ही बातमी वाचल्यापासून एक विचार माझा पाठलाग करतो: उपकेंद्रावर माणूस पाठवता येतो, एक लाख छपरांवर कोण चढणार? हात पोचणार नाही तिथे यंत्रालाच स्वतःच्या जुन्या, बनवणाऱ्याची डिजिटल सही असलेल्या फर्मवेअरवर परतता आलं पाहिजे. खरेदीच्या करारात ही अट असते का, ते रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात पाहा. बहुतेक नसेल. नवी खरेदी कधी आहे तेही विचारून ठेव.

मेगावॉटच्या आकड्यांचा तुझा आराखडा तयार झाला की मला पाठव. कंपनीचं नाव आणि पत्ते काढून टाक, नुसत्या रेघा आणि आकडे पुरेत.

तुझा,
जुना सहकारी