रिपोर्ट नॉर्मल, मग बाळ बसत का नाही?

“मॅडम, एमआरआय नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, कानांची बेरा टेस्ट नॉर्मल. मग ही बसत का नाही?”

बाल विकास केंद्रात समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न इतक्यांदा येतो, की हल्ली फाइलची जाडी बघूनच तो ओळखता येतो. धायरीहून आलेल्या या कुटुंबाची फाइल चांगलीच जाडजूड होती. (आई-बाबांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) मुलीला घरात छकुली म्हणतात, तेच इथेही म्हणते.

छकुली तेव्हा ११ महिन्यांची. पूर्ण दिवसांची, जन्मल्याबरोबर रडलेली, पेटीत ठेवायची वेळ आली नव्हती. आईकडे बघून हसायची, हाक मारली की वळायची. पण मान डगमगायची आणि बसवलं की पुढे घडी व्हायची. आईने तिला काखेत हात घालून उचललं, तसे तिचे खांदे कानांपाशी गेले आणि ती हातांतून खाली घसरू लागली. आईने न बघता एक हात तिच्या बुडाखाली सरकवला. अंग सैल असलेली बाळं अशीच निसटतात. आईच्या हातांना ते केव्हाचं ठाऊक होतं.

सहाव्या महिन्यात तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हा “काही मुलं आळशी असतात, बसेल” असं उत्तर मिळालं होतं. घरी आजी म्हणाल्या, “हिचा बापसुद्धा सव्वा वर्षाचा होऊन गेला तेव्हा चालला.” आजींचं चूक नव्हतं बरं का. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातलीही बाळं होती. त्यात निरोगी बाळं साधारण ८ ते १७ महिन्यांच्या मधे केव्हाही एकटी चालायला लागलेली दिसतात. बसण्याची मुदत मात्र इतकी ऐसपैस नाही. नऊ महिने उलटून थोडे दिवस होईपर्यंत जवळपास सगळी आधाराशिवाय बसतात. आणि इथे तर मानच पक्की नव्हती, जी चार-पाच महिन्यांत धरायला हवी.

मग धावपळ सुरू झाली. चार महिन्यांत चार डॉक्टर, त्यातले एक मुंबईचे. बाबा हिंजवडीला आयटीत, त्यांनी सगळ्याचं एक्सेल शीट केलेलं. त्या शीटमधली एक ओळ वाचून मी थांबले: फिजिओथेरपी तीनदा सुरू, तीनदा बंद. का? तर प्रत्येक नव्या डॉक्टरांकडे जाण्याआधी, “आधी नेमकं काय झालंय ते कळू दे, उगाच चुकीचा व्यायाम नको.”

एमआरआयचं मी त्यांना असं सांगितलं: तो घराचा फोटो आहे. भिंत पडलेली असेल, पाणी साचलं असेल तर दिसेल. वायरिंगमधून करंट कसा वाहतोय ते फोटोत येत नाही. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच, की त्या तपासणीत दिसू शकणारी कारणं मागे पडली. थायरॉइड नॉर्मल म्हणजे औषधाने सुधारणारं एक मोठं कारण बाद झालं. बी-१२ कमी निघालं होतं, तेही वेळेवर दिलं गेलं. आपल्याकडे शाकाहारी आईच्या निव्वळ अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळात ही कमतरता बरेचदा सापडते, म्हणून ती तपासणी वाया गेली असं कुणी म्हणू नये. छकुलीच्या अशक्तपणाचं सगळं गणित मात्र तेवढ्याने सुटत नव्हतं.

मी कागदावर मेंदू काढला, नसा काढल्या, अर्धा तास बोलले. आई मान डोलवत होती. मला वाटलं, छान समजावलं आपण. दारापर्यंत गेल्यावर ती वळली. सासूबाई छकुलीला घेऊन पुढे गेल्या होत्या.

“मॅडम, मला पाचवा लागला होता तेव्हा ग्रहण होतं. आई नको म्हणत होत्या तरी मी विळी घेऊन भाजी चिरली. आणि आठव्या महिन्यापर्यंत सिंहगड रोडच्या खड्ड्यांतून स्कूटरवर ऑफिसला जायचे. त्याने तर नसेल ना झालं?”

म्हणजे अर्धा तास मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होते. ती चार डॉक्टरांकडे निदान विचारायला गेली होती, पण हे विचारायची हिंमत कुठेच झाली नव्हती. प्रत्येक नॉर्मल रिपोर्टबरोबर तिचा संशय स्वतःवरच अधिक पक्का होत गेला: मशीनला काही सापडत नाही, म्हणजे माझंच काहीतरी.

अशा वेळी मी गुळमुळीत बोलत नाही. “नाही. ग्रहणाने नाही, विळीने नाही, स्कूटरनेही नाही,” एवढंच म्हटलं आणि तिला परत आत बसवलं. खूप रडली. त्या दिवशी बाकी काहीच झालं नाही.

पुढच्या वेळी कामाचं बोललो. मी बाबांना म्हटलं, “का झालं आणि आता काय करायचं, हे दोन वेगळे रस्ते आहेत. पहिल्याचं उत्तर यायला वर्षही लागेल, कधी येणारही नाही. दुसऱ्यावर आजपासून चालायचं.” बाळाच्या सैल अंगाला व्यायाम द्यायला आजाराचं नाव लागत नाही, बाळ आज काय करू शकतं ते लागतं. त्यासाठी आमच्या मानसशास्त्रज्ञांनी ‘डासी’ केली. बडोद्याला प्रमिला फाटक यांच्या कामातून उभी राहिलेली ही आपल्या बाळांसाठीची चाचणी. लाल कडं, घंटा, ठोकळे असं साहित्य असतं आणि हालचालींचं वय नि समजेचं वय वेगवेगळं निघतं. छकुलीचं हालचालींचं वय आलं पाच महिने, समजेचं आठ. आईचा चेहरा पडला. फिजिओथेरपिस्ट मात्र खूश, “चला, पाचनंतर काय येतं तिथून सुरू करू.”

आठवड्यातून दोनदा केंद्रात, उरलेले दिवस घरी. वॉकर माळ्यावर गेला. पालथं झोपवताना छातीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायला सांगितली, तर आजींनी आपल्या जुन्या नऊवारीची घट्ट गुंडाळी शिवून आणली, वर दोन्ही टोकांना घुंगरू. मालीश चालू ठेवा, म्हटलं, फक्त नाकाकानात तेल सोडायचं नाही. आजी थोड्या रुसल्या, पण ऐकलं.

डॉक्टर एकच धरा, असंही सांगितलं. विकासाच्या प्रश्नांत काम करणारे बालरोगतज्ज्ञ मुख्य, बाकीच्यांकडे त्यांच्या चिठ्ठीने. नवी तपासणी सुचवली की विचारायचं, “हा रिपोर्ट आल्यावर उपचारात काय बदलेल?” खर्चाचा ताण असलेल्यांनी सरकारी सोयही विचारावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं याच कामासाठी आहेत, चौकशी अंगणवाडीतूनही करता येते.

थांबायचं नाही अशा दोन गोष्टी मात्र सांगूनच टाकते. येत असलेलं काही बाळ विसरू लागलं, किंवा झोपेतून उठल्यावर मान झुकवून, दोन्ही हात फेकून ओळीने दचके देऊ लागलं, तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि त्याच दिवशी दाखवा. घरचे त्याला पोटातली कळ समजतात. तो फिटचा एक वाईट प्रकार असू शकतो आणि तिथे दिवस मोजावे लागतात. छकुलीला तसं काही नव्हतं.

तिच्या चौदाव्या महिन्यात जनुकांची मोठी तपासणी झाली, एक्झोम म्हणतात ती. रिपोर्टमध्ये एका जनुकात बदल सापडला, पण पुढे लिहिलं होतं ‘अर्थ अनिश्चित’. बाबा वैतागले, “एवढे पैसे घालून हेच?” त्या दिवशी आजोबाही आले होते. नारायण पेठेतल्या छापखान्यात त्यांनी आयुष्यभर मुद्रितं तपासली. मी समजावायला सुरुवात करणार, तर तेच म्हणाले, “अरे, प्रूफ वाचताना असा शब्द यायचा. नेहमीसारखा नाही. पण छापण्यातली चूक, की लेखकाच्या गावाकडचाच शब्द, ते कसं ठरवणार? मग मूळ हस्तलिखित मागवायचं.”

इतकी चांगली उपमा मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती. इथे हस्तलिखित म्हणजे आई-बाबांचं रक्त. तोच बदल धडधाकट बाबांत किंवा आईत असेल तर तो बहुधा घराण्याचाच शब्द. दोघांतही नसेल, छकुलीत नव्याने आला असेल, तर संशय वाढतो. काही आजारांत हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो, तो जनुकतज्ज्ञांनीच करायचा. दुसऱ्या मुलाचं काय, हे बाबांनी हळूच विचारलं. तेही त्यांनाच विचारायचं, आणि दिवस राहण्याआधी.

परवा आईचा फोन आला. छकुली आता पंधरा महिन्यांची आहे. हात पुढे टेकून बसते, आजी वीसपर्यंत अंक मोजतात तोवर, मग कलंडते. तेवढं सांगून झाल्यावर आई म्हणाली, “मॅडम, लॅबने आम्हा दोघांना रक्त द्यायला मंगळवारी बोलावलंय. पण मंगळवारी हिची थेरपी असते. बुधवारी दिलं तर चालेल ना?”

चालेल, म्हटलं.