'सूचित सहमती' की 'समजून दिलेली संमती'?

प्रश्न असा आलाय की झोप आणि हृदयाचे ठोके मोजायचा पट्टा महिनाभर मनगटावर बांधायच्या एका अभ्यासाच्या फॉर्मवर इन्फॉर्म्ड कन्सेंटसाठी (म्हणजे सगळं समजून घेऊन दिलेल्या होकारासाठी) 'सूचित सहमती पत्र' छापलंय, हे मराठी बरोबर आहे का.

माझ्या मते दोन्ही शब्द चुकलेत. हिंदीतून जसेच्या तसे उचललेत, आपल्या नागपुरात हे फार होतं. हिंदीत सूचित करणे म्हणजे कळवणे, पण मराठीत 'त्याने तसं सूचित केलं' म्हटलं की स्पष्ट न बोलता आडून सुचवलं असाच अर्थ बहुतेकदा लागतो. मग सूचित संमती म्हणजे काय, तर मौनं संमतिलक्षणम्! इन्फॉर्म्ड कन्सेंटच्या बरोब्बर उलट. आणि सहमती होते ती दोन पक्षांची, म्हणजे एकमत. स्वतःच्या शरीराबद्दल दिलेला होकार म्हणजे संमती, मुलींच्या शरीरसंबंधाच्या संमतीचं वय ठरवणाऱ्या 1891 च्या कायद्याच्या वादापासून आपण संमतिवयच म्हणतो ना.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. नागपुरातच महाल भागात राहणाऱ्या माझ्या मावशीने असाच पट्टा बांधला होता, मागून हिरवा लाईट लुकलुकतो, रक्त तो किती शोषते त्यावरून ठोके मोजतात. सही करून चार दिवस झाल्यावर ती मला विचारते, "काऊन रे, हे रातच्याला बी पाहते का मले?" अभ्यासच झोपेचा होता, रात्री किती वेळा उठली ते सगळं त्यात जात होतं, आणि मोबाईलचं लोकेशन चालू म्हणून रोज सकाळी टेकडी गणपतीला जाते हेसुद्धा. मला फार वाईट वाटलं. रक्त काढताना सुई टोचते म्हणून माणसाला कळतं तरी, हे टोचतच नाही, म्हणून आधी सांगणं जास्त गरजेचं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही माहिती समजेल अशा भाषेत द्या, आणि मधेच बाहेर पडायची मुभा ठेवा असं आहे.

'माहितीपूर्ण संमती' बऱ्याच ठिकाणी दिसतं पण मला पटत नाही, लेख माहितीपूर्ण असतो, संमती कशी असेल? मी 'समजून दिलेली संमती' लिहीन आणि त्याच्याखाली मोठ्या अक्षरात: हा पट्टा रात्रंदिवस नोंद करतो, तुम्ही कुठे जाता तेही कळतं, नको वाटलं तर कधीही काढून ठेवा, कारण सांगायची गरज नाही.