वाचकांचे प्रश्न : कॉलेज बास्केटबॉलच्या स्पर्धेला सहकुटुंब जाताना

प्रश्न : आम्ही ओहायोतील कोलंबसजवळ राहतो. मुलगा याच राज्यातील एका विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे आणि आपल्या विद्यापीठाचा पुरुष संघ मार्चमधील एनसीएए (अमेरिकेतील कॉलेज-खेळांची संघटना) स्पर्धेत पोहोचणारच, अशी त्याची खात्री आहे. धाकटी मुलगी बारा वर्षांची असून शाळेच्या संघातून खेळते. त्या सुमारास सासू-सासरेही भारतातून आमच्याकडे आलेले असतील. सर्वांनी मिळून एकदा ही स्पर्धा प्रत्यक्ष पाहावी असे फार मनात आहे. परंतु संघ कोणत्या गावी खेळणार हेच आधी कळत नसेल, तर हॉटेलची आणि तिकिटांची व्यवस्था करायची कशी? मुलाचे म्हणणे असे, की जायचेच तर थेट फायनल फोरला, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या सामन्यांना, जाऊ. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, ओहायो

उत्तर : आपली अडचण स्पर्धेच्या रचनेतूनच आलेली आहे. सामने कोणत्या गावांत होणार हे काही वर्षे आधीच जाहीर झालेले असते. मात्र कोणता संघ कोणत्या गावी जाणार, हे मार्चच्या मध्यावरील एका रविवारी संध्याकाळी कळते आणि पहिल्या फेरीचे सामने लगेच गुरुवारी व शुक्रवारी सुरू होतात. म्हणजे संघाच्या मागे जायचे ठरवले, तर पाच-सहा माणसांच्या कुटुंबाची सारी तयारी तीन-चार दिवसांत उरकावी लागेल. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे आहे, की आपण संघ निवडू नये, गाव निवडावे. घरापासून गाडीने जाता येईल असे एखादे यजमान गाव आधी नक्की करावे, तेथे रद्द करता येईल अशा अटीवर हॉटेल घेऊन ठेवावे आणि मुलाचा संघ नेमका तेथेच आला तर तो आपल्या नशिबाचा भाग मानावा.

नशिबाचा भाग म्हणण्याचे कारण 2025 चे उदाहरण पाहिले की लक्षात येईल. त्या वर्षी पुरुषांच्या पहिल्या दोन फेऱ्या क्लीव्हलँड, मिलवॉकी, लेक्सिंग्टन, रॅले, प्रॉव्हिडन्स, विचिटा, डेन्व्हर आणि सिॲटल या आठ गावांत झाल्या. स्पर्धेचे चार विभाग असतात आणि प्रत्येक विभागातील संघांना ताकदीनुसार एक ते सोळा असे मानांकन देतात. चारही विभागांतील पहिल्या चार-चार मानांकनांच्या संघांना शक्य तितके घराजवळ ठेवण्याचा निवड समितीचा प्रयत्न असतो. त्याखालच्या मानांकनाच्या संघाला मात्र देशाच्या कोणत्याही टोकाला जावे लागू शकते. शिवाय ज्या सभागृहात एखादा संघ नियमित हंगामात तीनपेक्षा अधिक सामने खेळला असेल, तेथे त्याला या फेऱ्यांचे सामने सहसा देत नाहीत. तेव्हा मुलाचा संघ घरच्याच मैदानावर खेळताना दिसेल, ही आशा सोडून द्यावी. संघ दूर गेलाच, तर विद्यापीठाच्या वाट्याला येणाऱ्या तिकिटांपैकी काही विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवली जातात का, याची चौकशी मुलाने करावी आणि मित्रांबरोबर जाऊन यावे; त्यासाठी साऱ्या घराला धावपळ करायला लावू नये.

फायनल फोरविषयी आपल्या मुलाचा उत्साह मी समजू शकतो, तरीही पहिल्या अनुभवासाठी मी तो सुचवणार नाही. पुरुषांचा फायनल फोर हल्ली अमेरिकन फुटबॉलच्या प्रचंड स्टेडियममध्ये भरतो, जेथे सत्तर हजारांच्या आसपास प्रेक्षक बसतात आणि मध्यभागी उंच चौथऱ्यावर बास्केटबॉलचे मैदान मांडलेले असते. आपल्या कुटुंबाला परवडतील अशा जागा बहुधा इतक्या वर आणि इतक्या मागे असतील, की सासरेबुवांना चेंडूऐवजी वर टांगलेल्या पडद्याकडेच पाहत बसावे लागेल. त्याउलट पहिल्या फेरीचे सामने नेहमीच्या बास्केटबॉलच्या बंदिस्त सभागृहात होतात, तिकीट एका सत्राचे काढले तरी त्यात लागोपाठ दोन सामने पाहायला मिळतात आणि या स्पर्धेची खरी गंमत, म्हणजे कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या संघाने बलाढ्य संघाला घरी पाठवणे, ती मुख्यतः याच दोन दिवसांत घडते. 2018 साली सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीने (मेरीलँडमधील एक विद्यापीठ) पहिल्या मानांकनाच्या व्हर्जिनियाला 74-54 असे हरवले. पुरुषांच्या स्पर्धेत तसे पूर्वी कधीही झाले नव्हते. तोच चमत्कार दुसऱ्यांदा 2023 मध्ये झाला, तो तर आपल्याच कोलंबसमध्ये, जेव्हा फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला 63-58 असे नमवले. मुलाला हे सांगून पाहावे. फायनल फोरचा हट्ट कदाचित आपोआप सैल होईल.

फायनल फोरचे वातावरण पाहायचेच असेल, तर तिकिटाचा मोठा खर्च न करता तेही जमते. उपांत्य सामने शनिवारी असतात आणि आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, चारही संघांचा सराव प्रेक्षकांना विनातिकीट पाहू देण्याची प्रथा आहे. 2027 चा पुरुषांचा फायनल फोर डेट्रॉइटला आहे आणि कोलंबसहून तेथे गाडीने साधारण साडेतीन तासांत पोहोचता येते. मुलांना घेऊन सकाळी निघावे आणि सराव पाहून रात्री परतावे, हा बेत आपल्याला सोयीचा वाटेल.

आपल्याला आणखी जवळचे एक गाव आहे. स्पर्धेतील संघांची संख्या 2011 साली 68 झाली आणि तेव्हापासून अगदी सुरुवातीचे चार सामने, ज्यांना फर्स्ट फोर म्हणतात, ते मंगळवारी व बुधवारी डेटनच्या यूडी अरेनामध्ये खेळवले जात आले आहेत. 2021 चे वर्ष तेवढे महासाथीमुळे अपवाद ठरले. डेटन आपल्यापासून तासा-सव्वा तासाच्या अंतरावर असल्याने हॉटेलचाही प्रश्न येत नाही. सामने संध्याकाळचे असतात आणि मुलीला दुसऱ्या दिवशी शाळा असणार, एवढीच अडचण आहे.

सासू-सासऱ्यांच्या दृष्टीने दुपारचे सत्रच निवडावे, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. एका दिवसात दोन सत्रे असतात, दुपारचे सत्र संपल्यावर सभागृह पूर्ण रिकामे केले जाते आणि संध्याकाळच्या सत्रासाठी वेगळे तिकीट लागते. घड्याळात सामना चाळीस मिनिटांचा असला, तरी प्रत्यक्षात तो दोन तासांपेक्षा थोडा अधिक चालतो. दोन सामने आणि मधला वेळ धरला, तर सत्र पाच तासांचे होते. पूर्वेकडील वेळेनुसार संध्याकाळच्या सत्रातील दुसरा सामना पुष्कळदा मध्यरात्रीच्या सुमारास संपतो आणि त्यानंतर गाड्यांच्या रांगेतून बाहेर पडायचे असते. पाच तास बसायचे म्हटले, की वृद्धांना स्वच्छतागृहाची चिंता पडते. पुरुषांच्या सामन्यात प्रत्येक अर्ध्यात घड्याळ सोळा, बारा, आठ आणि चार मिनिटांच्या खाली गेल्यानंतर खेळ जेव्हा प्रथम थांबतो, तेव्हा दूरचित्रवाणीसाठी मोठा विराम घेतला जातो. मध्यंतराला सारेच उठतात आणि रांग दारापर्यंत येते. म्हणून घड्याळ बारा मिनिटांच्या खाली गेल्यावर जो विराम येतो, त्या वेळी सासूबाईंना उठवावे. जागा घेताना वर-खाली पायऱ्या किती चढाव्या लागतील हे नकाशात पाहावे आणि बास्केटमागच्या, बँडलगतच्या जागा टाळाव्यात. प्रत्येक विद्यापीठाला या स्पर्धेत 29 वादकांपर्यंतचा बँड आणता येतो. तरुणांना त्याने स्फुरण चढते, वृद्धांना मात्र दोन शब्द बोलणेही कठीण होते.

मुलीसाठी महिलांच्या स्पर्धेचा विचार आपण केलेला दिसत नाही, तो अवश्य करावा. तेथे पहिल्या दोन फेऱ्या अव्वल सोळा मानांकित संघांच्या स्वतःच्या विद्यापीठांत होतात, त्यामुळे यजमान कोण असतील याचा अंदाज फेब्रुवारीपासूनच बांधता येतो. तिकिटेही पुरुषांच्या सामन्यांपेक्षा सहसा स्वस्त पडतात आणि शाळेच्या संघांतील मुली गटागटाने आलेल्या दिसतात. दहा-दहा मिनिटांच्या चार भागांत खेळला जाणारा हा खेळ नवख्या प्रेक्षकालाही चटकन समजतो. 2018 साली कोलंबसमध्येच झालेल्या महिलांच्या फायनल फोरमध्ये नोटर डेम विद्यापीठाच्या अरिके ओगुनबोवाले यांनी उपांत्य आणि अंतिम असे दोन्ही सामने शेवटच्या क्षणी टाकलेल्या बास्केटने जिंकून दिले. अंतिम सामन्यात तेव्हा घड्याळात एका सेकंदाचा दहावा भाग उरला होता. महिलांचा 2027 चा फायनल फोरही कोलंबसलाच ठरलेला आहे. नात जो खेळ खेळते, तो तिच्याच गावी, उत्तम खेळाडूंकडून खेळला जाताना आजी-आजोबांनी तिच्या शेजारी बसून पाहावा, यापेक्षा चांगला बेत मला तरी सुचत नाही.

प्रश्न : तिकिटे आधीच घ्यावीत की शेवटपर्यंत थांबावे?
— एक वाचक, टेक्सास

उत्तर : चार जागा एकत्र हव्या असतील तर पहिल्या फेरीसाठी थांबू नये, कारण शेवटी उरतात त्या बहुधा सुट्या जागा. दुसऱ्या फेरीचे गणित वेगळे आहे. गुरुवारी हरलेल्या संघांचे चाहते शनिवारची तिकिटे विकून घरी निघतात, त्यामुळे शुक्रवारी पुनर्विक्रीचे भाव बऱ्याचदा उतरतात. मात्र यजमान गावाजवळचा मोठा संघ जिंकला असेल, तर ते चढतातही. खरेदी अधिकृत पुनर्विक्रीतूनच करावी. विक्रेता जागेचा क्रमांक सांगत नसेल, तर तिकीट अजून त्याच्याच हाती आलेले नाही असे समजावे आणि त्याच्याकडून घेऊ नये. तिकिटे आता फोनवरच येतात, म्हणून घरातील प्रत्येक मोठ्या माणसाचे तिकीट त्याच्या स्वतःच्या फोनवर घरीच पाठवून ठेवावे. दारातल्या गर्दीत इंटरनेटचा भरवसा धरता येत नाही.

प्रश्न : आईला मधुमेह आहे. इन्सुलिन आणि खाण्याचे थोडे पदार्थ बरोबर नेता येतील का?
— एक वाचक, नॉर्थ कॅरोलिना

उत्तर : इन्सुलिन नेता येते. एनसीएएच्या स्पर्धांमध्ये पारदर्शक पिशवीचा नियम असतो. बारा इंच लांब, बारा इंच उंच व सहा इंच रुंद अशी पारदर्शक पिशवी आणि हाताच्या पंजाएवढे छोटे पाकीट चालते, पाठीवरची पिशवी चालत नाही. वैद्यकीय कारणासाठी लागणाऱ्या वस्तू तपासणीनंतर आत सोडतात. बाहेरचे खाणे साधारणपणे नेऊ देत नाहीत, म्हणून साखर एकदम उतरल्यास लागणाऱ्या ग्लुकोजच्या गोळ्या आणि एखादा छोटा पदार्थ औषधांबरोबर एकाच डब्यात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावा. सभागृहाला आठवडाभर आधी लिहून विचारावे आणि त्यांचे लेखी उत्तर फोनमध्ये जपून ठेवावे. तपासणीला वेळ लागतो, तेव्हा दारे उघडताच पोहोचावे.